पेटी आधी उतरवायची

"गाव कुठलं रे तुझं?"

हॉस्टेलला आल्यावर पहिल्याच रात्री मेसच्या रांगेत हा प्रश्न आला आणि माझी पंचाईत झाली. माझ्या पुढचा म्हणाला, लातूर. मागचा म्हणाला, जळगाव. मी म्हणालो, "तसं... चिपळूण. म्हणजे नांदेड. नाही, म्हणजे आता मिरज." शेजारी उभ्या असलेल्या सीनियरने ताटावर चमचा वाजवत विचारलं, "लाल डबा आहेस का रे तू?" झालं! फर्स्ट इयर संपेपर्यंत मी 'लाल डबा'च होतो. माझं खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं होतं.

मित्रांनो, आपल्या हॉस्टेलमध्ये सगळ्यांचं आधीच ठरलेलं असतं. लातूरवाल्यांचं टेबल वेगळं, कोल्हापूरवाल्यांचं वेगळं, नागपूरवाल्यांची खोली म्हणजे तर वेगळं राज्यच. आम्ही बदलीवाल्यांची पोरं कुठे बसणार? मला हा लेख त्या टेबलांबद्दल लिहायचा होता. पण लिहायला बसल्यावर तो भलतीकडेच गेला, आमच्या घरातल्या पेटीकडे. म्हणजे हार्मोनियमकडे. तेव्हा थोडा धीर धरा, शेवटी तुमच्याकडे काहीतरी मागणारच आहे.

माझे बाबा एका राष्ट्रीयीकृत बँकेत अधिकारी आहेत. दर तीन वर्षांनी बदली हे आमच्या घरचं ऋतुचक्र. मी अगदी लहान असताना चिपळूण, २०११ ला नांदेड, २०१४ ला देसाईगंज (तिकडे सगळे वडसा म्हणतात) आणि २०१७ ला मिरज. वाशिष्ठी, गोदावरी, वैनगंगा आणि कृष्णा. भूगोलाच्या पेपरात नद्यांचा प्रश्न आला की मला पाठ करावं लागायचं नाही.

बदलीची ऑर्डर आली की घरात खोकी यायची. किराणा दुकानातून आणलेली, बिस्किटांची आणि साबणाची. भांडी वर्तमानपत्रात, पुस्तकं पोत्यात, आणि आईची पेटी दोन गाद्यांच्या मध्ये. बाबांचा एक नियम होता. पेटी टेम्पोत सगळ्यात शेवटी चढवायची. कारण शेवटी चढवलेली वस्तू आधी उतरते. नव्या गावात कुलूप उघडलं की गॅस जोडायच्याही आधी पेटी आत जायची, आई फरशीवर पदर खोचून बसायची आणि एकदा सा लावायची. मग बाबा म्हणायचे, "चला, आलो घरी." मग चहा.

प्रत्येक गावाने मला काहीतरी ऐकवलं. चिपळूणचं फार आठवत नाही, पण शिमग्यात पालखी दारात आली की ढोल छातीत वाजायचा तो अजून वाजतो. पावसाळ्यात तिथे पेटीचं लाकूड फुगायचं, पट्ट्या दाबल्या की वर यायच्या नाहीत. आई वैतागून म्हणायची, "हिला कोकण मानवत नाही."

नांदेडला आमचं घर गुरुद्वाऱ्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं. तख्त सचखंड श्री हजूर साहिब. पहाटे तिथे कीर्तन चालतं, तबला आणि पेटीवर. आई मला रविवारी घेऊन जायची. शब्द मला कळत नव्हते. पण एकदा आईने हळूच कानात सांगितलं की गुरू ग्रंथ साहिबची रचनाच रागांप्रमाणे केलेली आहे, एकतीस रागांमध्ये, आणि त्यात आपल्या संत नामदेवांची एकसष्ट पदं आहेत. आपले नामदेव, ज्यांची पायरी पंढरपूरला आहे, ते इथे पंजाबी मंडळींच्या तोंडी! मला त्या वयात एवढंच वाटलं की नामदेवांच्या बाबांचीही बदली होत असणार.

वडशाला तर धमालच. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांचं वडसा हे मुख्य ठाणं. दिवाळी संपली की हंगाम सुरू. गावोगावी मंडई भरते, आणि रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. हजारो माणसं थंडीत चादरी पांघरून जमिनीवर बसलेली. मध्येच गाणं, मध्येच लावणी, मध्येच विनोद. पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांत त्या नाटकांबद्दल क्वचितच काही छापून येतं, पण त्या लोकांना त्याचं काही सोयरसुतक नाही. मी बाबांच्या मांडीवर डोकं ठेवून नाटकं पाहिली आणि शेवटच्या अंकात बहुतेक वेळा झोपलो.

आणि मिरज! खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची मिरज. ते १९३७ साली गेले आणि मिरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन केलं. दरवर्षी उरुसात त्यांच्या स्मरणार्थ तिथे गाणं होतं, मोठमोठे गायक-वादक हजेरी लावून जातात. मिरजेत सतारी आणि तंबोरे बनवणारी घराणी आहेत. तंबोऱ्याचा भोपळा येतो पंढरपूरच्या बाजूने, भीमेकाठच्या शेतांतून. तो वाळवतात, कापतात, आणि मग त्याला गळा जोडतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. शाळेतून येताना मी त्या गल्लीतून मुद्दाम सायकल हळू चालवायचो.

पेटीबद्दलही थोडं सांगतो, कारण तिचंही माझ्यासारखंच आहे. तिला गाव विचारलं तर तिचीही पंचाईत होईल. जन्म युरोपातला. एकोणिसाव्या शतकात कलकत्त्यात तिला हाताने मारायचा भाता मिळाला आणि ती जमिनीवर बसून वाजवता येऊ लागली. तिथून ती नाटकात गेली, भजनात गेली, गुरुद्वाऱ्यात गेली. १९४० साली आकाशवाणीने तिला बंदी घातली, ती जवळपास तीस वर्षं टिकली. आक्षेप खोटा नव्हता. पेटीवर मींड निघत नाही आणि तिचे सूर ठरावीक जागी खिळलेले असतात. आपल्या भाषेत सांगायचं तर शुद्ध गंधाराची वारंवारता षड्जाच्या १.२५ पट हवी, पेटीवर ती १.२६ च्या जवळ येते. तयार कानाला तेवढंही खटकतं. पण खटकली तरी गावोगावच्या भजनी मंडळांनी तिला काही बाहेर काढली नाही.

सातवीत असताना मिरजेच्या शाळेत निबंध होता, 'माझे बालपण'. मी हे सगळं लिहिलं. शिमगा, गुरुद्वारा, झाडीपट्टी, सतारीची गल्ली. शेवटी लिहिलं की बदल्यांमुळे माझे जीवन संगीताने समृद्ध झाले. बाईंनी वर्गात वाचून दाखवला. मी घरी येऊन आईलाही वाचून दाखवला. आई पोळ्या लाटत होती. "छान लिहिलंयस," एवढंच म्हणाली.

आता खरी गोष्ट. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला. बाबांना बँक चालू, आई आणि मी घरात. आठवड्याभरात मोबाइलचाही कंटाळा आला आणि मी कपाटावरची पेटी खाली काढली. हो, कपाटावरची! त्या वेळी मला त्यात काही विचित्रही वाटलं नाही. झाकण उघडलं तर आत वाळवीची भुकटी, भात्याचं कातडं फाटलेलं, आणि निम्मे सूर मुके. दुकानं उघडल्यावर आम्ही ती दुरुस्तीला नेली. कारागीर काका म्हातारे होते. त्यांनी एकेक पितळी पट्टी बाहेर काढून तपासली आणि विचारलं, "ताई, शेवटची कधी वाजवली होती?"

मला वाटलं, आई म्हणेल, झाली की तीन-चार वर्षं. आई म्हणाली, "नांदेडला. मे २०१४."

महिना! तिला महिना आठवत होता.

परत येताना मी विचारलं, तेव्हा थोडं थोडं करून बाहेर आलं. आईचं माहेर कुरुंदवाड. पंडित विष्णू दिगंबर पलुस्करांचं जन्मगाव. ज्या पलुस्करांनी मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकून पुढे १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, म्हणजे संगीत राजवाड्यातून आणि घराण्यांच्या बंद दारातून काढून सामान्य मुलामुलींच्या हातात दिलं, त्यांचं गाव. १९३१ साली त्यांच्या शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. आज गावोगावी प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा परीक्षा होतात त्या त्याच परंपरेतल्या. आई लग्नाआधी मध्यमा पूर्ण झालेली होती. विशारद राहिली होती.

तिला वाटलं होतं, परीक्षा तर सगळीकडे असते, अभ्यासक्रम तोच, कुठेही बसता येईल. पण परीक्षेचं केंद्र गावोगावी असलं तरी गुरू गावोगावी नसतो. चिपळूणला मी लहान होतो. नांदेडला एक बाई भेटल्या, उत्तम शिकवणाऱ्या. आई दोन वर्षं त्यांच्याकडे गेली, विशारदच्या पहिल्या वर्षाची सगळी तयारी झाली, हिवाळ्यातल्या सत्राला बसायचं ठरलं. मे महिन्यात वडशाची ऑर्डर आली.

"मग तू काही बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? म्हटलं, पुढच्या गावी बघू."

वडशालाही पेटी आधीच उतरली होती. नियम म्हणजे नियम. पण आईने सा लावला नव्हता आणि आमच्या दोघांच्याही ते लक्षात आलं नाही. बाबांना नवी शाखा, मला नवी शाळा आणि रात्रीची नाटकं. पेटीवर आधी इस्त्रीचे कपडे आले, मग माझं दप्तर, मग ती कपाटावर गेली. ज्या वर्षांना मी निबंधात 'समृद्ध' म्हणालो त्याच वर्षांत आमच्या घरातलं गाणं बंद पडलं होतं. आणि मी तोच निबंध तिला मोठ्याने वाचून दाखवला होता!

हे लिहिताना मला अजूनही लाज वाटते. बाबांना दोष द्यायचा नाही. त्यांनी आयुष्यभर ती पेटी स्वतः उचलली, हमालाच्या हातात कधी दिली नाही. पण पेटी उचलणं आणि ती वाजेल एवढी फुरसत राखणं यात फरक आहे. तो आम्ही तिघांनीही केला नाही, आईनेसुद्धा.

२०२१ मध्ये पुन्हा बदली झाली. या वेळी आई म्हणाली, "अहो, तुम्ही जा. आम्ही इथेच राहतो." नातेवाइकांना सांगितलं, मुलाची बारावी आहे. ते खरंच होतं, पण अर्धंच. आईने मिरजेत क्लास लावला होता. मी बारावीचा अभ्यास करायचो आणि ती शेजारच्या खोलीत यमन घोटायची. कॅल्क्युलस आणि यमन माझ्या डोक्यात इतके एकत्र बसलेत की अजूनही इंटिग्रेशन करताना तीव्र मध्यम ऐकू येतो. ती विशारदचं पहिलं वर्ष पास झाली. दुसऱ्याची तयारी चालू आहे. बाबा सुट्टीला येतात तेव्हा तबल्याच्या ॲपवर ठेका लावून देतात आणि लय चुकीची लावली म्हणून बोलणी खातात.

आता तुमच्याकडे वळतो. "पुढच्या गावी बघू" हे वाक्य आपल्या हॉस्टेलमध्ये मी रोज ऐकतो. फक्त शब्द वेगळे. "ही सेम जाऊ दे." "केटी क्लिअर होऊ दे." "गेट झाली की." "एकदा प्लेसमेंट होऊ दे, मग गिटार घेणारच." माझ्या विंगमध्येच दोन तबलजी, एक बासरीवाला आणि एक जिल्हा पातळीवर भारुडाचं बक्षीस मिळवलेला पठ्ठ्या आहे. तिघांची वाद्यं घरी आहेत. भारुडवाला म्हणतो, इथे कुठे गाणार, लोक हसतील.

आणि दुसरीकडे आपल्या हॉस्टेलमध्ये संगीत कक्ष आहे! विश्वास बसत नसेल तर कॉमन रूमच्या पलीकडे जाऊन बघा. दारावर पाटी आहे. आत मोडक्या कॉट आहेत, गेल्या वर्षीच्या गॅदरिंगचे फ्लेक्स आहेत, आणि त्यांच्या मागे एक पेटी आणि एक तबलाजोडी आहे. डग्ग्याची पुडी फुटलेली आहे. ही खोली वर्षातून आठ दिवस उघडते, गॅदरिंगच्या आधी. उरलेले दिवस चावी कुणाकडे असते हे विचारलं तर प्रत्येक जण दुसऱ्याचं नाव सांगतो.

माझं म्हणणं सरळ आहे. ही खोली रोज संध्याकाळी सात ते नऊ उघडी ठेवावी. चावी वॉचमन काकांकडे, रजिस्टरवर सही करून घ्यायची. दुरुस्तीचा खर्च गॅदरिंगच्या डीजेमधून थोडा कापावा.

यावर काय उत्तरं येतील ते मला माहीत आहे. एक म्हणजे, अभ्यासाला त्रास होईल. अहो, नऊनंतर कुलूप लावा. मॅच असली की कॉमन रूममधून जो आवाज येतो त्याच्यापुढे एका पेटीचा आवाज काय होणार? दुसरं, वस्तू चोरीला जातील. आत्ता त्या वाळवी नेते आहे, ते चालतं का? तिसरं उत्तर जरा खरं आहे. मुलं म्हणतील, मोबाइलमध्ये सगळं जग आहे, ऐकायचं तर कानात घालून ऐकतो, खोली कशाला? मीही ऐकतो. मोबाइल नसता तर अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाणं मला खोलीत बसून ऐकायला मिळालं नसतं. पण इयरफोन घातलेल्या माणसाला शेजारचा काय ऐकतोय ते कळत नाही. मला नामदेवांची पदं कळली ती आईच्या शेजारी बसलो म्हणून. झाडीपट्टी कळली ती बाबांच्या मांडीवर. मला जे काही येतं ते कुणाच्या तरी शेजारी बसून आलेलं आहे.

मागच्या सेमला, मॅथ्स थ्रीच्या आदल्या रात्री लाईट गेली होती ते आठवतंय? दीड तास अंधार. इन्व्हर्टरही बसला. सगळे कॉरिडॉरमध्ये आले, शिव्या देऊन झाल्या, आणि मग कोपऱ्यातून तो भारुडवाला सुरू झाला. कुणाचा चेहरा दिसत नव्हता म्हणूनच त्याला धीर आला असावा. पहिल्यांदा लोक हसले. मग कुणी बादली पालथी घातली, कुणी ठेका धरला, नागपूरवाल्या खोलीतून एकाने वडशाकडच्या नाटकातलं गाणं म्हटलं, आणि मला त्यातला पुढचा शब्द येत होता! अंधारातून कुणीतरी विचारलं, "कोण रे? तू तिकडचा का?" मी म्हणालो, "हो." त्या क्षणी ते खोटं वाटलं नाही. लाईट आली आणि सगळे आपापल्या खोल्यांत पळाले. पेपर कसा गेला ते विचारू नका.

आपण सगळेच इथे बदलीवर आलो आहोत. चार वर्षांची पोस्टिंग. पुढे कुणी बंगळुरूला, कुणी जर्मनीला, कुणी परत गावाला. तिथेही खोकी उघडायला वेळ मिळणार नाही, ऑफिस नवीन असेल, घर लहान असेल. म्हणून म्हणतो, ज्याची जी काही पेटी असेल ती इथेच उतरवा. दिवाळीच्या सुट्टीवरून येताना चकलीच्या डब्यासोबत बासरीही घेऊन या.

रेक्टर सरांना या लेखातूनच विनंती करतो, कारण अर्ज दोनदा देऊन झालेत. चावी द्या. कॉट हलवायला आम्ही वीस जण तयार आहोत, तबल्याची पुडी बसवून आणायची जबाबदारी विंगमधल्या दोघांनी घेतली आहे. आणि पेटीचं मी बघतो. मिरजेच्या काकांनी मला शिकवून ठेवलंय. पितळी पट्टी टोकाला घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. अगदी हलक्या हाताने घासायची, आणि दर वेळी वाजवून बघायची.